फुली मारलेला ड्रम

"अरे ढब्बू, सरळ धर ना तो पाइप! धूर काय तुझ्या नाकातून सोडायचाय?" काका आपल्या मुलावर खेकसले.

सुट्टीची सकाळ होती आणि परसात काकांची धांदल उडाली होती. आडव्या लोखंडी ड्रमला ते धुराडं बसवत होते. चिमणी मागच्या दाराच्या पायरीवर बसून बघत होती. हा ड्रम तिच्या बाबांनी आणलेला. बाबा वेल्डर होते. ड्रमला बाजूला विस्तवाची पेटी जोडायची, वर धुराडं लावायचं, आणि मंद धुरावर कोंबडी नि मासे भाजायचे, असा त्यांचा या सुट्टीचा बेत होता. पण ते आजारी पडले, इस्पितळात गेले आणि परत आलेच नाहीत.

उद्या त्यांचा वाढदिवस. "दादाचं अर्धवट राहिलेलं काम मी पुरं करणार!" असं म्हणत काकांनी सगळ्या नातेवाइकांना जेवायला बोलावलं होतं.

"काका, ही खडूची फुली कसली?" शेजारच्या चष्मेवाल्या मुलीने विचारलं. तिला सगळे प्रोफेसर म्हणायचे.

"कापायची खूण असेल."

"नाही काका," चिमणी हळूच म्हणाली. "कापायला बाबा रेघ मारायचे. फुली मारायचे ती टाकाऊ लोखंडावर."

"आता तू मला शिकव!" म्हणत काका कोळसा आणायला निघून गेले.

ढब्बूने ड्रममध्ये डोकं घातलं आणि शिंकत शिंकत बाहेर काढलं. "ई! कसला उग्र वास!"

प्रोफेसरने चमच्याने वरचा रंग खरवडला. आधी अर्धी कवटी दिसली, मग अक्षरं. "कीटकनाशक!" ती किंचाळली.

काका परतले तेव्हा तिघंही एकदमच बोलू लागली. काकांनी हात झटकला. "जाळ केला की सगळं जळून जातं. सगळे असंच करतात!"

"आणि ते कोंबडीत उतरलं तर?" प्रोफेसरने विचारलं.

"बास!" काकांचा आवाज चिरकला. "दादासाठी करण्यासारखं एवढं एकच उरलंय माझ्याकडे. त्यात खोड काढू नका."

त्यांचे डोळे भरले होते. चिमणीने दोघांना खुणेनेच बाजूला बोलावलं.

पाण्याच्या टाकीमागे तिघांची बैठक बसली. "दाढीकाकांना ठाऊक असेल," चिमणी म्हणाली. दाढीकाका म्हणजे बाबांचे मित्र. दोघं एकाच वर्कशॉपमध्ये काम करायचे.

"पण आमचे बाबा नुसतं सांगून तिथे येतील होय?" ढब्बू म्हणाला.

"मग पळवत नेऊ!" प्रोफेसरचे डोळे चमकले.

दुपारी काका डुलकी घेत असताना तिघांनी धुराडं उपसलं आणि मुद्दाम फाटकावर आपटलं. खण्ण! काका धडपडत उठले. "अरे चोरांनो! थांबा!"

पुढे पाइप घेऊन तीन पोरं, मागे एकाच चपलेतले काका, अशी वरात गल्लीतून धावत थेट वर्कशॉपमध्ये घुसली.

चिमणीने धापा टाकत फुलीच्या ड्रमचं सांगितलं आणि दाढीकाकांचा चेहरा उतरला. "तो ड्रम? अरे, तो विषारी औषधाचा निघाला. भंगारवाल्याशी केवढा भांडला तुझा दादा! मग खाद्यतेलाचा नवा ड्रम आणला."

त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली भट्टी उभी होती. पेटी, जाळी, धुराडं, सगळं जागच्या जागी. झाकणाची मूठ तेवढी जोडायची राहिली होती.

"आम्हाला सांगितलं का नाहीस?" काकांनी कसंबसं विचारलं.

"कुठल्या तोंडाने आणून देऊ? दोनदा हातगाडीवर चढवली, दोनदा उतरवली." दाढीकाकांनी झाकणावरच्या खडूच्या रेघेवर बोट ठेवलं. "मूठ इथे हवी म्हणाला. मी म्हटलं, फार खाली होते. तर म्हणे, चिमणीचा हात पोचायला हवा. पोर वाढेल की, म्हटलं. म्हणाला, वाढली की बदलू."

काका तिथेच लोखंडाच्या भुशात बसले आणि लहान मुलासारखे रडले. चिमणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थोड्या वेळाने दाढीकाकांनी मूठ जोडली, रेघेवरच, आणि भट्टी हातगाडीवरून घरी आणली. जुन्या ड्रमला काकांनी स्वतः भोकं पाडली, म्हणजे पुन्हा कोणी वापरायला नको.

दुसऱ्या दिवशी परस माणसांनी भरलं. काकांनी काही न लपवता सगळं सांगितलं. "मी आज तुम्हा सगळ्यांना विष खाऊ घातलं असतं. या तिघांनी वाचवलं!"

"शाब्बास रे पोरांनो!" आत्याने ढब्बूला इतकं घट्ट कवटाळलं की तो गुदमरला.

"आणि तू गं, अगदी बापावर गेलीस," मोठे मामा चिमणीला म्हणाले. ती हसली.

तेवढ्यात आई बाहेर आली. बाबा गेल्यापासून तिने परसात पाऊल ठेवलं नव्हतं. काका काडेपेटी काढत होते. "जरा थांबा," ती म्हणाली.

पेटी जिथे ड्रमला जोडली होती, तिथल्या सांध्यावरून तिने बोट फिरवलं. "हा त्यांच्या हातचा."

मग तिने पूर्ण तळवा तिथे टेकवला. लोखंड अजून थंड होतं. कोणी घाई केली नाही.

बऱ्याच वेळाने आईने हात काढला आणि पदराने डोळे पुसले. "एकदा पेटली की हात लावता यायचा नाही," ती म्हणाली. मग काकांच्या हातातली काडेपेटी घेऊन तिने चिमणीला दिली.

"पेटव, बाळा."

चिमणीने काडी ओढली.