४०२ ची खटखट

राग आला की मी लिफ्टने जात नाही, जिन्याने जाते. चार मजले चढेपर्यंत तो निम्मा होतो आणि समोरच्याचं कल्याण होतं. त्या शुक्रवारी मात्र चौथ्या मजल्यावर पोचले, तरी राग होता तेवढाच होता.

मी जोहा. भिवंडीत, टेमघरच्या एका कॉम्प्लेक्सची मॅनेजर. तीन विंग, शहाण्णव घरं, आणि प्रत्येक घराला वाटतं की मला फक्त त्यांच्यासाठीच ठेवलंय. नळ गळतो – जोहा. वरच्यांनी ओली चादर वाळत टाकली – जोहा. नवऱ्याने चावी हरवली – तरी जोहाच! माझ्याआधीचे दोन मॅनेजर पळून गेले होते. चेअरमन केसरीनाथशेठांनी मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. घरी अब्बांनी बजावलं होतं, "पक्की झालीस तर कर नोकरी. नाहीतर मुकाट्याने घरी बस." निकाल पुढच्या रविवारच्या मीटिंगमध्ये. उरले नऊ दिवस. आणि घरी बसायचं माझ्या मनात अजिबात नव्हतं.

नेमकी तेव्हाच ३०२ च्या पार्वतीकाकूंची तक्रार आली. त्यांच्या डोक्यावर, ४०२ मध्ये, कुणीतरी कापड विणायचा लूम लावलाय! रोज दुपारी दोन ते चार खटक-खटक, मांडणीवरची भांडी नाचतात.

"अगं, आज शुक्रवार, सुट्टीचा वार! अख्ख्या भिवंडीतले लूम बंद, आणि आमच्या डोक्यावर चालू!" काकू तणतणत होत्या.

शेठनी एका वाक्यात निकाल लावला. "मीटिंगपरयंत आवाज बंद झाला न्हाय, तर त्या भाडेकरूला नोटीस. आन् तुला बी रामराम."

मी ४०२ ची बेल दाबली. दार उघडलं... उंच, सावळा, शर्टच्या बाह्या दुमडलेल्या, हाताला ग्रीस. उजव्या भुवईवर कापसाचं बारीक तूस अडकलेलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजला, "हळू मॅडम... नाना झोपलेत."

"एवढ्या आवाजात?"

"एवढ्या आवाजात, म्हणूनच तर झोपलेत."

मी त्याला बाजूला सारून आत गेले. लूम कुठेच नव्हता. एक लोखंडी खाट होती. खाटेखाली छोटी मोटर, आणि ती मोटर लुमातला, सूत नेणारा एक जुना लाकडी धोटा फळीवर आपटत होती. खटक-खटक, खटक-खटक. अख्खी खाट थरथरत होती, आणि वर पांढऱ्या दाढीचे एक आजोबा लहान लेकरासारखे गाढ झोपले होते.

"मोहिउद्दीन नाना, माझ्या आईचे वडील," तो म्हणाला. "निजामपुऱ्यात चाळीस वर्षं नाइट शिफ्ट. दुपारी लुमाच्या शेजारच्याच खोलीत झोपायचे. ती चाळ पडली, आम्ही इथे आलो, आणि या शांततेत त्यांचा डोळाच लागेना. मोबाईलवर आवाज लावून पाहिला. म्हणाले, नकली आहे, जमीन हलत नाही." त्याने हाताचं ग्रीस पुसलं. "मी लूमचा फिटर. मुबश्शिर. जेवणाच्या सुट्टीत येऊन हे चालू करतो."

"हे बंद करावं लागेल."

"मी बंद करतो. नानांना झोपवायचं तुम्ही बघा."

"म्हणजे? अंगाई म्हणू?"

"नानांना चालणार नाही," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "मला चालेल."

काय हा आगाऊपणा! मी ताडताड जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं की मी हसतेय.

माझ्या ऑफिसात तक्रार वही असते. माझा नियम एकच – तक्रार चोवीस तासांत मिटली पाहिजे, आणि 'निवारण झाले'च्या रकान्यात तक्रार करणाऱ्याची सही पाहिजे. शनिवारी मी खाटेच्या पायांखाली रबर घातलं. रविवारी गालिचा. काकूंची भांडी नाचतच राहिली. सोमवारी मोटर बंद ठेवली, तर नाना दुपारभर खिडकीत बसून राहिले. डोळे लाल. "राहू दे बेटी," ते म्हणाले, "म्हाताऱ्याची झोप ती काय." मला रात्री जेवण गेलं नाही. नोटीस एका कागदावर मावते. नानांच्या झोपेचं काय करायचं, हे कुठल्या कागदात बसत होतं?

आणि मुबश्शिर? तो रोज दुपारी वहीत लिहून जायचा.

'४०२. नळाला पाणी येते. मॅनेजर येत नाही.'

मी खाली लाल पेनाने लिहिलं, 'खोट्या तक्रारी करू नयेत.'

दुसऱ्या दिवशी – '४०२. मॅनेजर रागावते. राग छान दिसतो, पण वारंवार होत नाही.'

"हे काय लिहिलंय?" वही त्याच्यासमोर आपटत मी विचारलं.

"तक्रार."

"निवारण कसं करू?"

"आत्ता केलंत की!"

मी नजर खाली घातली... आणि बघितलं तर हातातला लाल पेन उलटा धरलेला.

तेवढ्यात मागे पंप सुरू झाला. ऑफिसला लागूनच पंपाची खोली. इमारतींपासून लांब, गेटजवळ. टेबल थरथरलं, चहाच्या कपात लाटा उठल्या. घर्रर्र... एका लयीत. मी मुबश्शिरकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे.

"जमीन हलतेय," मी म्हणाले.

"हलतेय," तो हळूच म्हणाला.

बुधवारपासून मी पंपाची वेळ सकाळवरून दुपारी दोनची केली, फायलींचं कपाट सरकवलं आणि पंपाच्या भिंतीला लागून ऑफिसातच खाट टाकली. नाना साशंक मनाने आडवे झाले. पाच मिनिटांत घोरायला लागले! मुबश्शिर दारात उभा राहून बघत होता. डोळे भरलेले. "जोहा..." म्हणाला, आणि आत येऊन नानांच्या पायांवर चादर ओढली. मॅडम गळालं होतं, ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.

शनिवारी तीनच्या सुमारास मी हजेरीपत्रक भरत होते. पंप चालू होता, मला काहीच वेगळं वाटलं नाही. पण नाना ताडकन उठून बसले.

"बेटी, पंप बंद कर. बेअरिंग रडतंय."

"नाना, चालतोय की नीट."

"चाळीस वर्षं आवाजात झोपलो मी. आवाज बदलला की डोळा उघडतोच, नाहीतर सूत तुटतं. बंद कर!"

मी पळत जाऊन बटण बंद केलं. पंपाला हात लावला तर चटका बसला. मुबश्शिरला फोन केला. तो निजामपुऱ्यातून नवीन बेअरिंग घेऊनच आला, आणि तासाभरात पंप उघडून बसला. मी टॉर्च धरला होता. "अजून दहा मिनिटं चालला असता, तर मोटर जळाली असती," तो म्हणाला. सहा वाजता पंप पुन्हा सुरू झाला. त्या भुवईवर आजही तूस होतं. मी टॉर्च खाली ठेवला आणि ते अलगद बोटाने काढलं. तो श्वास धरून उभा राहिला. पाना हातातून सुटून त्याच्याच पायावर पडला, तरी ओरडला नाही.

रविवारच्या मीटिंगला शेठनी पहिलाच प्रश्न केला, "खटखट बंद झाली, बरा झाला. पन ऑफिसात खाट? ही काय धरमशाळा हाय?"

मी उभी राहिले. "शेठ, आज संध्याकाळी तुमच्या नातवाचं बारसं आहे. दोनशे माणूस जेवायला. काल पंप जळाला असता, तर हात धुवायला पाणी नसतं. तो त्या खाटेवर झोपणाऱ्या माणसाने वाचवला. खाट तिथेच राहील. आणि मीसुद्धा."

मग पार्वतीकाकू म्हणाल्या, "माझी भांडी आता नाचत नाहीत बाई. पोरीला पक्की करा."

शेठनी मिशीवरून हात फिरवला. "बोलते लय," ते म्हणाले, "पन काम करते. पक्की!"

ऑफिसात परतले तर वही उघडी होती. त्याचंच अक्षर.

'४०२. मॅनेजर आवडते. फार आवडते. दिवसभर मशीन दुरुस्त करतो, पण ध्यान हिच्याकडेच. उपाय सांगावा.'

नाना खाटेवर तसबीचे मणी ओढत बसले होते. "वाचलंस?" त्यांनी विचारलं. "मीच म्हटलं त्याला, तोंडाने बोलायची हिंमत नसेल तर लिही."

मलाही तो आवडत होता. पहिल्या दिवशी, दुसऱ्या मजल्यावर हसले, तेव्हापासूनच! मी लाल पेन उचलला... आणि खाली ठेवला. निळा घेतला.

'अशी तक्रार एकट्याने करून चालत नाही. पुढच्या शुक्रवारी, लूम बंद असताना, नानांना घेऊन आमच्या घरी हजर राहावे. अब्बांशी मी आधी बोलते.'

दाराशी सावली हलली. मुबश्शिर आत आला, वाचलं, दोनदा वाचलं. कान लाल. मग त्याने पेन मागितला आणि 'निवारण झाले'च्या रकान्यात सही करायला वाकला.

मी वही मिटली, त्याच्या बोटासकट.

"इथे सही नाही करायची," मी म्हणाले. "ही तक्रार चालू राहू दे."