कोऱ्या फितीची बावीस मिनिटं

"तुझं खाऊन झालं की सांग," मागून कोणीतरी अगदी हळू म्हणालं.

मार्नीने वळून पाहिलं. गवतावर एक लांब पायांचा तरुण टेपरेकॉर्डर मांडीशी घेऊन बसला होता. तो तिच्याकडे पाहतही नव्हता.

"का? तुला हवेत?" तिने वेफर्सची पिशवी पुढे केली.

त्याने नुसतं बोट वर केलं. तिच्या डोक्यावर, दहा फुटी काठीच्या टोकाला दोन मायक्रोफोन होते. "कुरुम कुरुम सगळं यात जातंय. मी याच्या प्रती वाटतो. निदान दोनशे माणसं तुझं जेवण ऐकणार."

"मग सावकाश खाते," मार्नी म्हणाली. "दोनशे लोकांसमोर बकाबका खाणं बरं दिसत नाही."

ही जूनमधली गोष्ट. तरुणाचं नाव एमेट हॅस्केल. आठवडाभर तो लोकांच्या स्वयंपाकघरांतली कपाटं बनवायचा आणि सुट्टीच्या दिवशी 'कॉपर फेरी'च्या मागे गावोगाव हिंडायचा. चौघांचा तो बँड एकच गाणं दोनदा सारखं वाजवत नसे. सहा मिनिटांचं गाणं कधी अर्ध्या तासावर जाई, आणि कुठे जाऊन थांबेल हे त्या चौघांनाही ठाऊक नसे. म्हणून तर लोक पुन्हा पुन्हा येत. रेकॉर्डिंग करायला बँडची परवानगी होती. त्यासाठी मैदानात दोरी लावून जागाच राखून ठेवलेली असे. कॅसेट विकायची मात्र नाही. कोरी कॅसेट आणि परतीच्या टपालाचं तिकीट पाठवलं की प्रत मिळायची.

मार्नी जनावरांच्या दवाखान्यात काम करायची. दोन महिन्यांत ती एमेटबरोबर सात कार्यक्रमांना गेली. तो रेकॉर्ड करी आणि ती वहीत गाण्यांची नावं आणि वेळा लिही. एक गाणं न थांबता दुसऱ्यात शिरलं की मध्ये बाण काढी. मायक्रोफोनखाली बोलायचं नाही, हा तिथला कडक नियम. त्यामुळे त्या दोघांचं जे काही चाललं होतं ते भुवयांवर आणि कोपरांवर चाललं होतं. गिटार अचानक भलत्याच वाटेला लागली की एमेट एका बोटाने तिच्या मनगटावर टिचकी मारी — ऐकलंस? ती उलट टिचकी मारी — ऐकलं.

यापलीकडे दोघांपैकी कोणी काही बोललं नव्हतं. मार्नी वाट पाहत होती... आणि आजच्या कार्यक्रमाच्या आधी, निदान परतीच्या वाटेवर तरी, विचारूनच टाकायचं असं तिने ठरवलं होतं.

ऑगस्टमधला शनिवार. हिवाळ्यात लोक बर्फावरून घसरतात तो डोंगरउतार आता हिरवागार होता. कार्यक्रम दुपारी दोनचा. पावणेदोनला ब्रिन नावाची, रेकॉर्डिंग करणारीच एक मुलगी आली.

"एका अनाथ टेपरेकॉर्डरला आसरा मिळेल का?" ती म्हणाली. "माझी काठी गाडीच्या दारात सापडून मोडली. मायक्रोफोनसकट."

अशा वेळी नाही म्हणायची पद्धत नाही. एमेटच्या मायक्रोफोनचा आवाज खाली एका छोट्या डबीत येत असे. डबीतून एक वायर त्याच्या रेकॉर्डरला गेलेली होती. दुसरी त्याने ब्रिनच्या रेकॉर्डरला जोडून दिली. तिचा रेकॉर्डर जुना, आवाज खालीवर करणारा. म्हणून त्याने आपले हेडफोनही तिच्या डोक्यावर चढवले. स्वतःच्या हाताने. मार्नीने ते वहीत लिहिलं नाही, पण वेळ पाहिली. एक वाजून बावन्न मिनिटं.

वाद्यं लावून पाहणं सुरू झालं. ब्रिनने डोळे मिटले. "ड्रमची डावीकडची झांज तडकलीय."

"न्यूपोर्टच्या कार्यक्रमापासून," एमेट म्हणाला.

"छे. त्याच्याही आधी. माझ्याकडे जुलैची टेप आहे, त्यातही खरखर आहे."

"खरं?" एमेटचा चेहरा असा उजळला की मार्नीला पेन्सिलीचं टोक मोडावंसं वाटलं. सात कार्यक्रम ती याच्या शेजारी बसली होती. तडकलेली झांज तिला एकदाही ऐकू आली नव्हती.

"मग तुम्ही दोघं स्टेजवर जाऊन झांज जोडून का देत नाही?" ती म्हणाली. "मी बघते इथलं."

एमेट हसला. त्याला ती थट्टा वाटली.

कार्यक्रम सुरू झाला. तीन गाणी नेहमीसारखी झाली. पावणेतीनला एमेटने कॅसेट उलटली, आणि दोन पन्नासला बँडने 'सेव्हन गेट्स' धरलं. दुसरं कडवं संपलं, गाणारा गिटारवाला माइकपासून मागे सरला, आणि गाणं उंबरठा ओलांडून बाहेर पडलं. बासवाल्याने ठेका सोडून एक लांब, खालचा सूर धरला. मार्नीने मनगट थोडं पुढे केलं...

एमेटने टिचकी मारली. ब्रिनच्या मनगटावर.

ब्रिनने उलट टिचकी मारली. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला ते आपोआप आलं, हे मार्नीला जास्त लागलं.

पुढचं फार पटकन घडलं. ती दोघं ब्रिनच्या रेकॉर्डरवर वाकली होती. मार्नीची पेन्सिल गवतात पडली. म्हणजे तिने पाडली. उचलायला वाकताना तिने डबीतली ब्रिनची वायर चिमटीत धरून ओढली आणि पिशवी खांद्याला लावून सरळ उतारावरून खाली निघाली. ती वहीसुद्धा तिथेच राहिली.

खाली गर्दीत ती उभी राहिली. गाल तापले होते. आता ब्रिनची कॅसेट कोरी जाणार. जाऊ दे! आणायची होती दुसरी काठी.

मग, करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नाही म्हणून, ती ऐकू लागली. वही नव्हती, घड्याळात बघायचं नव्हतं, कोणाच्या बोटाची वाट बघायची नव्हती. बासचा तो लांब सूर अजून चालूच होता. गिटारवाला त्याच्या भोवती घिरट्या घालत होता, उतरायला जागा शोधत होता. आणि पियानोवाला? मार्नीने टाचा उंचावून पाहिलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. तो वाजवतच नव्हता. मान तिरकी करून तो गिटारचं ऐकत होता, जणू समोरच्याला मनातलं बोलायला वेळ लागतोय आणि आपल्याला काही घाई नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार... तेव्हा कुठे त्याने एकच पट्टी दाबली. गिटारने ती ऐकली, आणि दोघे मिळून अशा ठिकाणी उतरले की शेजारचा दाढीवाला माणूस डोळे पुसू लागला.

मार्नीने टाचा खाली टेकल्या. हे पुन्हा वाजणार नव्हतं. आणि तिने ते कोणाकडून तरी काढून घेतलं होतं.

मध्यंतर झाल्याझाल्या ती चढ चढून वर आली. एमेट गुडघ्यांवर बसला होता. त्याने कॅसेट थोडी मागे घेऊन लावली होती. रेकॉर्डरमधून नुसती सूं सूं येत होती.

"बावीस मिनिटं," तो म्हणाला. "दुसऱ्या कडव्यानंतरचं सगळं सेव्हन गेट्स गेलं. डबीतून माझी वायर निघालीय."

*माझी.* दोन्ही वायरी काळ्या होत्या.

"उतार आहे," ब्रिन म्हणाली. "कोणाचा तरी पाय लागला असेल. तोंड कशाला पाडतोस? माझ्याकडे सगळं आलंय, अगदी स्वच्छ. पत्ता दे तुझा." मग जरा थांबून, "नाहीतर असं करते, पुढच्या शनिवारी मी तुमच्याच बाजूला येतेय. घरी आणूनच देते. सोबत बसून ऐकू."

ब्रिनने एवढी मजल एकाच दुपारी मारली होती, आणि तिचा रस्ता मार्नीनेच झाडून दिला होता. गप्प बसलं तर पाय लागलेला माणूस कधीच सापडणार नव्हता.

"पाय नाही," मार्नी म्हणाली. "हात. माझा."

एमेटने वर पाहिलं.

"मी ओढली. तुझी नाही ओढायची होती... हिची ओढायची होती."

ब्रिनने डबी उचलून पाहिली. "दोन्ही सारख्याच आहेत," ती म्हणाली. "रंगीत पट्टी लावून ठेवावी."

"हे पुन्हा होणार नाही, मार्नी," एमेटचा आवाज चढला नाही, खाली गेला. "तो पुन्हा असं वाजवणार नाही. कळतंय का तुला?"

"कळतंय. मी खाली ऐकत होते. पियानोवाला चार मिनिटं हात मांडीवर ठेवून बसला होता. गिटारचं होईपर्यंत त्यानं काही वाजवलं नाही. मला ते... मला लाज वाटली."

"चार मिनिटं? हात मांडीवर?"

"तुला दिसलं नाही?"

एमेट गवत उपटू लागला.

"एक मिनिट," ब्रिन म्हणाली. तिने हेडफोन गळ्यात ओढले. "एमेट, तुझ्या रेकॉर्डरचा आवाज दाखवणारा काटा शून्यावर पडून होता. बावीस मिनिटं. रेकॉर्ड करणारा माणूस दर दहा सेकंदांनी काट्याकडे बघतो. तू कुठं बघत होतास?"

एमेटचे कान लाल झाले. "स्टेजकडे."

"स्टेजकडे बघत असतास तर पियानोवाला दिसला असता."

एमेटने वायर हातात घेतली, गुंडाळली, पुन्हा सोडली. "ती पिशवी घेऊन उठली," तो वायरीलाच सांगत होता. "पिशवी घेऊन गेली म्हणजे... मला वाटलं, गेलीच. खाली तिची हिरवी टोपी दिसत होती. मग कोणीतरी मध्ये आलं. मग पुन्हा दिसली. उठून यावं तर हे सगळं इथं टाकून..."

"बावीस मिनिटं टोपी बघत होतास?" मार्नीने विचारलं.

"मध्ये थोडा वेळ ती दुसऱ्याच कोणाची तरी होती," एमेट म्हणाला. "ते मला उशिरा कळलं."

मार्नी टोपी काढून त्याच्या शेजारी बसली, इतकी जवळ की तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला. त्याने तो हलवला नाही.

"हे मला पावणेदोनलाच सांगायचं ना," ब्रिन म्हणाली. "मी पलीकडे रेकॉर्ड करणाऱ्या आजोबांकडे वायर लावली असती." तिने खिशातून पेन काढलं, कॅसेटच्या वेष्टणाचा कागद उलटा केला. "बरं, पत्ता?"

एमेटने तोंड उघडलं.

"मार्नी ड्यूबॉइस," मार्नी म्हणाली. "एकोणीस, चॅपमन लेन. गॅरेजच्या वर."

"हा तुझा पत्ता आहे," एमेट म्हणाला.

"हो. ऐकायचं असेल तर तिथं यावं लागेल."

"तुझ्याकडे तो मोडका रेकॉर्डर आहे. त्यात हे ऐकायचं म्हणजे..."

"मग तुझा घेऊन ये. उचलायला जड आहे, लवकर परत नेता येणार नाही."

एमेट तिच्याकडे पाहत राहिला. स्टेजवर चौघे पुन्हा आपापल्या जागी येत होते आणि ड्रमवाल्याने काठ्या हातात घेतल्या होत्या. एमेटने रेकॉर्डरवर बोट ठेवलं; आता कोणत्याही क्षणी गप्प बसावं लागणार होतं.

"मग शनिवारी तिकडेच आणून देऊ का?" ब्रिनने घाईघाईने विचारलं. "गॅरेजच्या वर?"

"टपालानं," मार्नी म्हणाली.