मुरबाडच्या होडीला भोक कुणी पाडलं?

मुरबाडच्या जयरामशेटांकडे शिडाची होडी होती. समुद्र नव्हता. ती उणीव त्यांनी टोकावड्याजवळच्या स्वतःच्या तलावावर भागवली होती.

१९३८च्या अक्षय्य तृतीयेला, सगळ्या गावासमोर, होडी काठापासून जरा दूर गेली आणि बुडाली. शेट गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी आपल्या गड्यावर, कोंडूवर, आरोप केला.

तिसऱ्या दिवशी खासगी गुप्तहेर दाजी फणसे आणि त्यांचे स्नेही बंडोपंत तलावावर आले. होडी अजून पाण्यातच होती, डोलकाठी तेवढी वर. शेजारी बैलगाडीची दोन चाकं भिजत पडली होती.

"कोंडूच्या झोपडीत भोकं पाडायचा सामता सापडला," शेट म्हणाले. "संध्याकाळी फौजदार त्याला न्यायला येतोय."

"सामता माझाच हाय," कोंडू म्हणाला. "नांगराला लागतो. गावात शीड लावाया मला एकट्यालाच येतं, दाजीसायब. होडी गेली तं मला कोन इचारतो?"

शेटांच्या पत्नी गुणाबाई पडवीत तांदूळ पाखडत होत्या.

"होडी परवडते का, बाई?" दाजींनी विचारलं.

"तेवढ्यात म्हशी आल्या असत्या. म्हैस बुडते, पण आपली आपण वर येते."

"म्हणजे होडी तुम्हाला नको होती."

"नकोच होती. पण बुडवायची तर हे आत नसताना बुडवली असती."

"बाई फार शहाणी," बंडोपंत कुजबुजले. "हिनंच बुडवली."

दाजी शेटांकडे वळले. "दिवाळीपासून होडी कुठं होती?"

"गोठ्यात. नांगर ठेवतो तशी आढ्याला टांगून, खाली रोज धुरी. कीड लागायची बिशाद नाही. मी जातीनं लक्ष घातलं. मुहूर्ताला तिथून थेट पाण्यात."

दाजींनी होडी ओढून काढायला लावली, पाणी उपसलं, तळ तपासला. मग ती पुन्हा पाण्यात ढकलून ते आत बसले आणि पान जमवू लागले.

"बंडोपंत, या."

"मला पोहता येत नाही."

"लागणार नाही."

पान संपलं, तरी तळ कोरडाच होता.

"तळाला एकही भोक नाही," दाजी म्हणाले. "तेव्हा सामता निर्दोष. पाणी शिरलं ते फळ्यांच्या सांध्यांतून. शेट, ती चाकं का भिजत घातलीत?"

"उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं. चाकाभोवतीची लोखंडी धाव सैल होते. भिजलं की फुगून पुन्हा घट्ट..." शेट थांबले.

"तुमच्या धुरीनं फळ्या आकसल्या, सांधे उघडे पडले. आता भिजून फळ्या फुगल्या, सांधे मिटले. चाकाचं तुम्हाला कळतं, पण होडीला तुम्ही नांगर समजलात. गुन्हेगारानं खरोखर जातीनं लक्ष घातलं होतं."

तेवढ्यात फौजदार आले.

"कोंडू, शीड लाव," शेट घाईनं म्हणाले. "साहेबांना फिरवून आणू."

कोंडू जागचा हलला नाही. "गावासमोर माझं नाव घेतलंत, शेट. गावासमोरच चुकलं म्हना. मंग लावतो."

शेटांनी होडीकडे पाहिलं. ती विकून टाकली तर माफी मागणंही वाचत होतं. तलावावर छान वारा सुटला होता.

"बोलवा गाव," ते म्हणाले.

गुणाबाईंनी निरोप कुणाकडे दिला नाही. सूप ठेवून त्या स्वतःच घरोघर गेल्या.