टेपचं दुमडलेलं टोक

दिवा जरा इकडे सरकवा आणि त्या खुर्चीवर बेतानं बसा, तिचा एक पाय लंगडा आहे. भुताचं विचारलंत म्हणून सांगते. ट्रक-ट्रेलरच्या दिव्यांची कामं करण्यात माझे केस पिकले आणि दारात आलेली भुतं बहुतेक सगळी अर्थिंगच्या वायरची निघाली. ब्रेक दाबावा तर इंडिकेटर मिणमिणतो, डावीकडचा लावावा तर मागचे सगळेच दिवे मंद होतात. ड्रायव्हर कानाशी येऊन म्हणतो, "गाडीला काहीतरी लागलंय." मी म्हणते, "गंज लागलाय." ती पांढरी वायर घासूनपुसून बसवली की भूत पळालं.

हे काम मला आमच्या ह्यांनी शिकवलं. ते पुढे कॅबिनमध्ये, मी पार ट्रेलरच्या मागे. इंजिनच्या आवाजात हाका पोचत नाहीत, म्हणून मी पान्ह्यानं पत्र्यावर ठोकायचे. एक ठोका म्हणजे ब्रेक, दोन म्हणजे डावा, तीन म्हणजे उजवा. हे ब्रेक दाबायचे तोही सरळ नाही. आधी दोनदा हलकेच, मग लांब. "दोन तुझ्यासाठी, एक गाडीसाठी," म्हणायचे. म्हातारपणी चावटपणा! आणखी एक खोड होती. जोडावर टेप गुंडाळली की तिचं टोक दुमडून ठेवायचे, पुढच्या माणसाला सोडवताना नखं झिजवावी लागू नयेत म्हणून. मला ते कधी जमलं नाही. मी आपली टर्रकन तोडते.

हे गेले आणि मी ठोकणं सोडलं. ब्रेकच्या पेडलवर लाकडाची दांडी अडकवायची आणि मागे जाऊन बघायचं. दांडी काही बोलत नाही, पण कामाला चोख.

त्या दिवशी चहा उतू जात होता तेव्हा पैलवानाचा फोन आला. पैलवान म्हणजे ह्यांचा जुना दोस्त, ट्रेलर चालवतो. अंगानं काडी, म्हणून पैलवान. घाटाच्या वरच्या वळणावर त्याच्या ट्रेलरचे मागचे दिवे गेले होते. "वहिनी, थांबलो तेव्हा लख्ख ऊन होतं. आता धुकं उतरायला लागलंय…"

मी स्कूटरवरून पोचले तोवर धुक्यानं रस्ता गिळला होता. ट्रेलर वळणावर अर्धा रस्ता अडवून उभा. ओल्या मातीचा आणि तापलेल्या रबराचा वास, आणि पत्र्यावरून ठिबकणारं पाणी. बाकी चिडीचूप.

पैलवानाला दिवे लावायला सांगितलं आणि टेस्ट लॅम्प घेऊन बसले. ट्रकच्या मागच्या सॉकेटपर्यंत करंट येत होता. ट्रेलरच्या सॉकेटपाशी काही नाही. म्हणजे दोष मधल्या गुंडाळी केबलमध्ये. ती दोन्हीकडून उपसून काढली. पांढरी वायर हिरवी पडून तुटली होती. एवढं साधं.

तेवढ्यात मला आठवलं. संध्याकाळची बस. खालून, आमच्या मागूनच येणारी. माझी लेक रोज त्याच बसनं घरी येते.

"पैलवान, खाली पळा! बॅटरीचा झोत हलवा, हवं तर आडवे पडा, पण बस थांबवा!"

तो धावला, आणि धावताना जन्माच्या सवयीनं कॅबिनला कुलूप घालून किल्ली घेऊन गेला. धुक्यात तो दिसेनासा झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, आता आत शिरून ब्रेक दाबायचीही सोय नाही. मी ओरडले, पण कोण ऐकतंय!

केबल खांद्यावर टाकून मी वायर सोलायला घेतली. आणि खालून आवाज आला. बसचं इंजिन. पैलवानाची आरोळीही आली, पण बसच्या मागून… ती त्याला ओलांडून आली होती.

मी ट्रेलरच्या मागे पळाले. हातात पान्हा होता. धुक्यात दोन पिवळट डाग मोठे होत होते. काय करावं सुचेना, आणि मी वेड्यागत पत्र्यावर ठोका मारला. एक.

मागचे दिवे लागले. लाल. दोनदा हलकेच… मग लांब.

टायर किंचाळले. बस वाकडी होत होत थांबली, तिचं गरम नाक माझ्या तोंडापाशी. ड्रायव्हर खाली उतरला तो कापतच. "दोनदा लाल चमकलं म्हणून पाय ब्रेकवर गेला, बाई. नाहीतर…"

लेक धावत आली आणि मला बिलगली. मी रडत होते, हसतही होते. मागून पैलवान धापा टाकत पोचला.

"वहिनी… कॅबिनमध्ये कोण आहे?"

किल्ली त्याच्या मुठीत होती. तो माझ्या खांद्याकडे बघत राहिला.

"आणि ही केबल… तुमच्याजवळ आहे?"

तेव्हा कुठे दिवे विझले. सावकाश, कुणी पाय उचलावा तसे.

लेकीनं केबल माझ्या खांद्यावरून काढून घेतली. "आई, जोड केलास की. गरम आहे अजून."

मी जोड केला नव्हता. जोडाला कथलाचा डाग देण्याची सळई तर मी घरीच विसरले होते. पण केबलमधून, डाग देताना येतो तसा, राळेचा धूर येत होता, आणि टेपचं टोक व्यवस्थित दुमडलेलं होतं. केबल बसवली, सगळे दिवे लख्ख लागले. बसच्या पुढे पुढे ट्रेलर नेला पैलवानानं, आणि त्या लाल दिव्यांच्या मागून सगळे सुखरूप घरी पोचले.

तो जोड आम्ही कुणी अजून सोडवलेला नाही. भीती? थोडी वाटते, खोटं कशाला बोलू. पण दांडी मी चुलीत घातली. आता पुन्हा पत्र्यावर ठोकते, आणि सुटीच्या दिवशी कॅबिनमध्ये लेक बसते. चांगली तयार झालीय. परवा तिला म्हटलं, "अगदी बाबांसारखा ब्रेक दाबतेस गं. दोनदा हलकेच, मग लांब."

ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे वळली.

"आई, मी एकदाच दाबते. पहिले दोन माझे नसतात."