बदामाच्या पिठाचा पाव

त्याच्या चष्म्याची काडी वाकली होती, म्हणून तो आमच्या चष्म्याच्या दुकानात आला. बेकरीवाला होता, काचांच्या कडांना पीठ चिकटलेलं. काडी सरळ करून मी चष्मा त्याच्या कानांवर बसवला, तेव्हा त्याने श्वासच रोखून धरला...

"दिसतंय का नीट?"

"आत्ता कुठे दिसायला लागलंय," माझ्याकडेच बघत तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गरम पाव घेऊन हजर. मी नको म्हटलं. वजनाने गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून पीठ, साखर, बटाटा सगळं बंद करून मी अंडी, चीज आणि पालेभाज्यांवर दिवस काढत होते. तो खट्टू झाला नाही. बदामाच्या पिठाचा पाव करून घेऊन आला. पाव कसला, वीटच ती! हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग प्रयोगांवर प्रयोग — पाव फुगत गेला, मी उतरत गेले. संध्याकाळी तो मला चालत घरापर्यंत सोडायचा, आणि गुडघ्यांची मला आठवणही व्हायची नाही. वहिनी माझे सैल झालेले कपडे शिवून आत घेता घेता चिडवायची, प्रेमात माणूस वाळतं म्हणतात ते खरंच की काय.

एका रविवारी तो म्हणाला, "चल, आईला भेटू. आता काही अडचण नाही."

त्यांच्या जिन्यापाशी माझं पाऊल अडलं. "आता म्हणजे?"

तो गडबडला. मग अडखळत खरं सांगितलं. त्याच्या आईने मला सुरुवातीलाच रस्त्यात पाहिलं होतं, आणि माझ्या जाडीवरून नको ते बोलली होती. तुला लागेल म्हणून इतके दिवस गप्प राहिलो, म्हणाला.

"आणि तिला काय म्हणालास?"

"म्हटलं... थोडे महिने थांब. होईल ती बारीक."

इतके दिवस मला वाटत होतं, तो माझा हट्ट पुरवतोय.

"पुन्हा वाढलं तर? बऱ्याच जणांचं वाढतं."

त्याने माझा हात हातात घेतला. "मग आपण पुन्हा कमी करू."

'आपण' — किती मायेने म्हणाला तो... नुसता वाईट असता, तर निदान भांडता तरी आलं असतं. मी हात सोडवून घेतला.

वरून आईची हाक आली, "आली का रे ती?"

तो काय म्हणाला, ते ऐकायला मी थांबले नाही.