टेबलाखालचं पेडल

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी वाद नाही. पण जिच्या घरात ती घडली, ती बाई आयुष्यात एकाच गोष्टीबद्दल ठरवून खोटं बोलली, आणि तेव्हापासून प्रत्येक शब्द तोलून मापून उच्चारते.

रात्र नव्हती. बुधवार होता. दुपारचे चार वाजले होते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या मागच्या खोलीत पडद्याच्या फटीतून उन्हाची एक धारदार पट्टी जमिनीवर पडली होती.

खोलीत ती एकटी होती...

आणि टेबलाखाली कुणीतरी पेडल दाबलं.

पण हे फार पुढचं झालं. आधी संगणकाबद्दल सांगायला हवं.

तिला सगळे ‘नवी’ म्हणत. लग्नाला चार वर्षं झाली होती, तरी नवीच. नणंद फोनवर कुणालाही सांगे, “दादाकडची नवी आहे ना, ती उचलेल फोन.” नवी म्हणजे कुणाच्या तरी नंतरची. दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या कपड्यासारखा तो शब्द तिच्या अंगावर होता. दिसायला ठीक, काखेत काचणारा.

पहिली बायको सहा वर्षांपूर्वी आजारात गेली होती. तिचे कपडे वाटून झाले होते. भांडी बदलली होती. भिंतींना नवा रंग लागला होता. मागच्या खोलीत तिचा संगणक तेवढा उरला होता, आणि टेबलाखाली तिचं पेडल.

पहिलीचं काम ऐकण्याचं. बैठका, मुलाखती, चौकशा यांचं ध्वनिमुद्रण तिच्याकडे येई आणि ती ते शब्दशः टाइप करी. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाच टेकवली की दोन सेकंद मागे. खट्... खट्. जे बोललं गेलं ते, तसंच. कोण कुठे अडखळलं, कोण कुठे थांबलं, तेही कंसात. ऐकूच आलं नाही, तर त्या जागी ‘अस्पष्ट’ असं लिहायचा रिवाज होता.

“तिने तो शब्द कधी वापरला नाही,” नवरा एकदा जेवताना म्हणाला होता. “दहादा मागे घेऊन ऐकेल, वीसदा ऐकेल, पण जागा रिकामी सोडणार नाही. कान म्हणजे काय कान होते.”

नवीने त्याच्या पानात भात वाढला. जरा जोरात.

नवरा चष्म्याची भिंगं घासून बसवणारा कारागीर. दुकान दुपारी तीन ते पाच बंद असे. तो घरी येई, हात धुई, आणि चार वाजता मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेई. “जरा बिलं बघतो.” बिलं महिन्याला दोन. खोलीत जाणं रोजचं.

एक दिवस तिने दाराला कान लावला.

आत एका बाईचा आवाज होता. प्रसन्न, किंचित घोगरा.

“ऐकू येतंय का? एक, दोन, तीन... बरं, सुरू करते.”

सात सेकंद. मग शांतता. मग पुन्हा तेच सात सेकंद.

आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज ऐकलेल्या त्या बाईचा स्वतःचा आवाज तेवढाच राहिला होता, यंत्र तपासताना चुकून जपला गेलेला. नवीचा मत्सर त्या दिवशी जन्मला नाही. तो आधीपासून होता, नुसता निराकार. त्या दिवशी त्याला गळा मिळाला.

गेल्या वर्षी तो संगणक बंद पडला. बटण दाबलं की आतला पंखा एक उसासा टाकी आणि थांबे.

“नवा घेऊ या,” नवी म्हणाली. “साधाच. बिलं भरायला, चार पत्रं लिहायला, बहिणीशी समोरासमोर बोलायला.”

“दुरुस्त होईल,” नवरा म्हणाला. “घाई काय आहे?”

“अहो, महिना झाला.”

“तूच बघ मग. मला त्यातलं कळत नाही.” आणि दारात चपला घालताना, मागे न पाहता, “फक्त आतलं सगळं नव्यात घ्यायला सांग.”

संगणक कुठून घ्यावा यावर नणंदेचं मत तयारच होतं. “मोठ्या दुकानात जा. थंडगार असतं, पाणी विचारतात.” नवी गेली. पाणी विचारलं. मग टाय लावलेल्या विक्रेत्याने तिला अर्धा तास लाल दिवे लुकलुकणाऱ्या यंत्रांपुढून फिरवलं.

“मॅडम, यावर युद्धाचे खेळ अगदी अडखळत नाहीत.”

“मला बिल भरायचंय हो. विजेचं. त्यात युद्ध होतं ते नवऱ्याशी.”

घरबसल्या मागवावा, तर बिघडल्यावर भांडायचं कुणाशी? शेवटी ती पोहोचली गल्लीतल्या एका अरुंद दुकानात. दोन्ही भिंतींना छतापर्यंत कचेऱ्यांतून आलेले जुने संगणक रचले होते, पडदे बाहेरच्या बाजूला. त्या काळ्या काचांमध्ये तिचं एकच तोंड पन्नासदा दिसत होतं. दुकानदार स्क्रू दातांत धरूनच बोले.

“वहिनी, साध्या कामाला हा घ्या. बँकेतून आलाय. तीन वर्षं वापरलेला, घासूनपुसून, वर्षाची हमी. अर्ध्या किमतीत.”

“कुणी वापरलेला?”

“असेल कुणी कारकून. आता काय त्याचं?”

“नको. मला कोरा द्या. खोका न फोडलेला. कुणाचा हात न लागलेला.”

त्याने स्क्रू तोंडातून काढला. “ज्यादा पैसे जातील, काम तेवढंच होईल.”

“जाऊ देत.”

मग तिने पिशवीतून जुना संगणक काढला, वर पेडल ठेवलं, तारेसकट. बदल्यात काय वजा करता ते करा म्हणाली. दुकानदाराने झाकण उघडलं, आत फुंकर घातली.

“डिस्क ठणठणीत आहे. नुसता वीजपुरवठा गेलाय. तासाभरात आतलं सगळं नव्यात भरून देतो. काही महत्त्वाचं आहे का त्यात?”

तिच्या समोर पन्नास काळ्या काचा होत्या.

“काही नाही त्यात,” ती म्हणाली. “पुसून टाका.”

घरी तिने सांगितलं, डिस्क जळली, दुकानदाराने पुष्कळ प्रयत्न केले.

नवऱ्याने हातातली कपबशी खाली ठेवली. “सगळं?”

“सगळं.”

तो उठला. ती कपबशी त्याने स्वतः विसळली, पुसली, जागेवर ठेवली. चार वर्षांत पहिल्यांदाच. त्यानंतर तो मागच्या खोलीत गेला नाही.

आठ दिवस घर तिचं होतं. नव्या यंत्राला नव्या प्लास्टिकचा वास होता, आणि तिला वाटलं, ह्या घरात आपल्या आधी कुणी श्वास न घेतलेली ही पहिलीच वस्तू.

नवव्या दिवशी ती बाजारातून परत आली, तर नवरा मागच्या खोलीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसला होता. हातात चहा. चेहऱ्यावर असं काही, जे तिने कधी पाहिलं नव्हतं.

“बरंच काम निघालं वाटतं आज,” तो दाराकडे तोंड करून हळूच म्हणाला. “म्हटलं, मध्ये येऊ नये.”

मग त्याने मान वळवली. ती पिशव्या घेऊन त्याच्या मागे उभी होती.

दोघांनीही दाराकडे पाहिलं...

दार लोटलेलं होतं.

“मी आत्ताच येतेय,” ती म्हणाली.

त्याने चहा संपवला. पण दुसऱ्या दिवशी चारला तो पुन्हा त्या स्टुलावर होता.

ती त्याच्या शेजारी उभी राहिली. कान दिला.

घड्याळ. खालच्या रस्त्यावरची सायकल.

बाकी काही नाही.

त्याची तर्जनी मात्र कपाच्या कानावर हलत होती. एकदा... थांबून... पुन्हा एकदा. कशाशी तरी ताल धरून.

भीती तिला नंतर वाटली. आधी झाली ती अंगाची आग. भूत आहे तर आहे, पण आपल्या घरात, आपल्या पैशांच्या, आपण निवडलेल्या यंत्रावर. आणि ऐकू कुणाला, तर फक्त त्याला? मेल्यावरही तिने दार आतून लावून घेतलं होतं.

रविवारी नणंद आली. खोलीत नवी बहिणीशी पडद्यावर बोलत होती. नणंद दारातून म्हणाली, “तुझ्या पायाला काय गं चाळा लागलाय? बोलतेस कमी, खटखट जास्त.”

नवीने खाली पाहिलं. ती मांडी घालून बसली होती.

“वन्सं, तुम्हालाही येतं ऐकू?”

“बहिरी समजलीस काय मला?”

सोमवारी ती गल्लीतल्या दुकानात गेली. डिस्क परत मागायला. हवं तर ज्यादा पैसे देऊ, सगळं नव्यात भरून घेऊ, ठेवू दे त्याला त्याचे सात सेकंद. पण हे नको.

दुकानदाराने यावेळी स्क्रू आधीच काढून ठेवला.

“वहिनी, ती पुसायला घेतली, तर कोरीच निघाली. नव्यापेक्षा कोरी. मला वाटलं तुम्हीच आधी पुसलीत.”

“आणि पेडल?”

“कसलं पेडल?”

“शिवणयंत्राला असतं तसं. पायाचं. मी तुमच्या हातात दिलं.”

त्याने तिच्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. “तुम्ही नुसता डबा दिलात, वहिनी.”

आणि मग तो बुधवार.

नवरा यायच्या आधी ती खोलीत जाऊन बसली. दार लोटलं. म्हणाली, आज मी ऐकणारच. चार वाजले. उन्हाची पट्टी तिच्या पावलापर्यंत आली, आणि पट्टीच्या पलीकडे, टेबलाखालच्या अंधारात...

खट्.

पहिल्यांदाच तिला ऐकू आलं. तिने पाय मागे घेतले.

खट्... खट्.

दोन सेकंद मागे. पुन्हा.

संगणकाचा पडदा आपोआप उजळला. कोऱ्या पानावर अक्षरं उमटत होती. न घाईत, न थांबत, सवयीच्या हाताने.

*पुरुष : काही महत्त्वाचं आहे का त्यात?*

*स्त्री : (थांबते)*

खट्. दोन सेकंद मागे. जणू कुणी खात्री करून घेत होतं.

*स्त्री : (थांबते. श्वास.) काही नाही त्यात. पुसून टाका.*

ती स्वतःशी ज्या क्षणाला ‘अनवधान’ म्हणत आली होती, तो क्षण तिथे कंसात बसला होता. ती थांबली होती. श्वास घेतला होता. मग म्हणाली होती.

मागे दार वाजलं. नवरा उभा होता. त्याने चष्मा लावला, वाकून वाचलं. एकदा. मग पुन्हा वरपासून.

“हे तू बोललीस?”

खोटं बोलायला जागा नव्हती. खाली पेडल तयार होतं.

“हो.”

*पुरुष : हे तू बोललीस?*

*स्त्री : हो.*

दोघं पाहत राहिली. अक्षरं त्यांच्या मागोमाग, अर्ध्या श्वासाच्या अंतराने येत होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“चार वर्षं रोज तिला ऐकत होतात,” ती म्हणाली. आवाज फाटला होता. “एकदा सांगा. मी कोण आहे या घरात? तिच्या जागी बसवलेली, की तुमची कुणी?”

*स्त्री : चार वर्षं रोज तिला ऐकत होतात. (आवाज फाटतो.) एकदा सांगा. मी कोण आहे या घरात? तिच्या जागी बसवलेली, की तुमची कुणी?*

तो दाराकडे वळला. उंबऱ्यात थांबला. पाठमोराच, अगदी हळू, काहीतरी बोलला. एक वाक्य. पाच-सहा शब्द असतील.

नेमकं त्याच वेळी खाली पेडल जोरात दाबलं गेलं.

खट्.

“काय म्हणालात? अहो... काय म्हणालात?”

“सांगितलं ना,” तो म्हणाला, आणि निघून गेला.

तिने पडद्याकडे झडप घातली. तिथे असणारच होतं. जे बोललं गेलं ते, तसंच. ज्या बाईने जन्मात एक जागा रिकामी सोडली नाही, दहादा ऐकलं, वीसदा ऐकलं, तिच्याकडे ते वाक्य असणारच होतं.

बराच वेळ काही उमटलं नाही. खट्... खट्... खट्. कुणीतरी ते पुन्हा ऐकत होतं. मागे घेऊन. पुन्हा. पुन्हा.

मग सावकाश एक ओळ आली.

*पुरुष : (अस्पष्ट)*

आणि पडदा विझला.

त्यानंतर त्या घरात पेडल वाजलेलं नाही. नवरा दुपारी येतो, चहा घेतो, तिच्याशी नीट बोलतो. ते वाक्य तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं, तर तो तेच सांगेल की आता दुसरं काही, हे तिला कळणार कसं?

ती मात्र रोज चार वाजता त्या टेबलाशी जाऊन बसते. बिलं बघते म्हणते. कान देते. टाच हलकेच जमिनीला टेकवते...

दोन सेकंद मागे जाता येईल म्हणून.