सात नंबर, रिकामी

नाकासमोर चालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि माणसं कशी चालतात हे बघण्याचाच मला पगार मिळतो.

नव्या संमेलन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल खिडकीला लावलेलं आहे. खाली नवा चौक. साठ मीटर लांब, चाळीस रुंद, करडी फरशी, कडेने कुंड्यांतली झाडं आणि पाठ टेकता येणार नाही असे मुद्दाम बनवलेले बाक. रोज सकाळी दहा ते बारा जो कोणी चौक ओलांडेल त्याची वाट मी पातळ कागदावर पेन्सिलीने ओढतो. प्रमाण एकास शंभर, म्हणजे जमिनीवरचा मीटर कागदावर सेंटिमीटर. एका माणसाला एक रेघ. थांबला तर टिंब. एखादी वायर किंवा पाण्याचा पाइप ओलांडला, तर तेवढ्यापुरता रेघेत खंड.

या कामात माणसं चांगली कळतात. फोनवर बोलणारे गोल फिरतात. जोडप्यात ज्याचं चुकलेलं असतं तो अर्धं पाऊल मागे असतो. गळ्यात बिल्ला अडकवलेले पाहुणे पहिल्या दिवशी कडेकडेने जातात आणि तिसऱ्या दिवशी चौक सासऱ्याने लिहून दिल्यासारखे मधून.

पण अगदी मधून कोणीच जात नव्हतं. हे मला पहिल्या महिन्याअखेरीस कळलं. कागद काचेच्या टेबलावर एकावर एक रचले, खालून दिवा लावला, आणि रेघांच्या काळ्या गुंत्यात मधोमध एक लांबट पांढरा पट्टा उमटला. कडा सुरीने कापल्यासारख्या.

"इथे काय ठेवलंय?" मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे या सगळ्या परिसराच्या मुख्य आर्किटेक्ट. हसल्या तर कामं वाढतात.

"काही नाही. फरशी आहे."

"मग लोक वळसा का घालतात?"

"ऊन चमकत असेल."

"गेला आठवडाभर ढग आहेत." त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं आणि लगेच उचललं. "बघून ये."

खाली फरशी पुसायच्या मशीनवाल्या मावशी होत्या. पट्ट्याच्या कडेपर्यंत फरशी लख्ख होती, आत धुळीचा थर.

"मावशी, इथे पुसत नाही?"

"मी नेते हो साहेब, मशीन वळते. ती पर्मनंट, मी कंत्राटी. वाद कशाला घालू?"

मी हसलो. मावशी हसल्या नाहीत. तेवढ्यात परदेशी पाहुण्यांचा घोळका आला. आदल्या रात्री विमानातून उतरलेली माणसं. गप्पा मारत आली, एका ठिकाणी सगळी डावीकडे वळली, बावीस पावलं सरळ गेली, मग उजवीकडे वळली. एकाचंही बोलणं तुटलं नाही. भिंतीच्या कडेने जावं तशी गेली.

भिंतच होती तिथे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

वर येऊन मी कपाटातून जुना नकाशा काढला. चौकाच्या जागी तेव्हा बारा खोल्यांची एक बैठी चाळवजा इमारत होती: चावीवाला, झेरॉक्सवाला, घड्याळं दुरुस्त करणारे काका, असे लोक. पाडण्याआधी ती मीच मोजली होती. नकाशा कागदांखाली सरकवला आणि दिवा लावला.

कड कडेवर बसली. एवढंच असतं तरी मी सोडून दिलं असतं. पण मोजताना मागच्या भिंतीला माझी टेप ढिली पडली होती, म्हणून ती भिंत नकाशात किंचित तिरकी आली होती. मॅडमनी तेव्हा चांगलं फैलावर घेतलं होतं मला. खरी भिंत सरळ होती. पांढरा पट्टा तिरका होता.

लोक इमारतीला वळसा घालत नव्हते. माझ्या नकाशाला घालत होते.

आणि पट्ट्याचा एक कोपरा कुरतडलेला होता. तिथून रेघा खुशाल आरपार जात होत्या. नकाशात त्या कोपऱ्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: सात नंबर, रिकामी.

सात नंबर रिकामी नव्हती. ती माझ्या ताईची होती.

बावीस वर्षं ताई तिथे कपडे ऑल्टर करून द्यायची. संमेलनाला आलेल्या पाहुण्याची पँट ऐन वेळी उसवली की तो धावत तिच्याकडे. ताई पाच फूट एक इंच. दाराच्या चौकटीवर तिने स्वतःची उंची खडूने आखून ठेवली होती. "गिऱ्हाईक वाकून बोललं पाहिजे," म्हणायची, "मी मान वर करणार नाही." मी मोजायला गेलो त्या दिवशी ती कोट पोचवायला गेली होती आणि दाराला कुलूप होतं. नियम असा की कुलूप दिसलं तर आठवड्यात परत यायचं. मी परत गेलो नाही. सख्ख्या बहिणीच्या खोलीवर 'चालू' लिहायचं म्हणजे उद्या चारचौघांत वशिल्याचं नाव. तूर्त 'रिकामी' लिहू, मग बघू, असं म्हटलं. ते मग बघण्याआधीच यादी वर गेली. अकरा जणांना नोटिसा मिळाल्या, नव्या इमारतीत गाळे मिळाले. ताईला पाडकामाच्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळलं. शिलाई मशीन तेवढी बाहेर काढता आली.

तेव्हापासून ती माझ्याकडे राहत होती. मशीन हॉलमध्ये चादरीखाली होती. रोज सकाळी ती चौकातल्या बाकावर येऊन बसायची आणि रोज संध्याकाळी एकच प्रश्न.

"माझ्या गाळ्याचं काय झालं रे?"

"फाइल फिरतेय, ताई."

"फिरू दे. तिला तरी व्यायाम."

कोणी 'रिकामी' लिहिलं, हे तिने कधी विचारलं नाही. तिच्या डोक्यात ते येणंच शक्य नव्हतं.

त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो, का केलं ते विचारू नका. खोडरबर घेतलं, 'रिकामी' पुसलं आणि लिहिलं: शिवणकाम, चालू.

दुसऱ्या दिवशी दहा वाजल्यापासून पहिल्या चाळीस रेघा त्या कोपऱ्यालाही वळसा घालून गेल्या.

सव्वादहाला ताई बाकावरून उठली. पर्स काखेत मारली. अर्ध्या उघडलेल्या शटरखालून जाताना वाकायची तशी मान वाकवली आणि पुढे पाऊल टाकलं. माझी पेन्सिल तिच्या मागोमाग होती. रेघ कोपऱ्याच्या आत बोटभर गेली आणि तिथेच संपली, कारण पुढे ओढायला माणूस नव्हता.

मी बारा वाजेपर्यंत बघत बसलो. मग संध्याकाळपर्यंत.

घरी गेलो तर ताई आधीच आलेली. मांडीवर दोऱ्याचे तुकडे, बोटांना खडू, अंगाला गरम इस्त्रीचा वास. मशीनवरची चादर जशीच्या तशी होती.

"मिळालं ना शेवटी," ती म्हणाली. "तूच केलंस ना? आणि एका शब्दाने बोलला नाहीस! लहानपणापासून आतल्या गाठीचा."

इथे मला खरं सांगता आलं असतं.

"हो," मी म्हणालो. "मीच केलं."

तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

पुढचे दहा दिवस ती सव्वादहाला आत जायची आणि सहाला घरी असायची. मला झोप लागेनाशी झाली. सकाळी अर्धा तास आधी जाऊन खिडकीशी येरझाऱ्या घालायचो. खिडकी उघडली की खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा, थांबून थांबून. मॅडम एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कसला आवाज?"

"एसी असेल."

"एसी बंद आहे," त्या म्हणाल्या आणि पुढे बरेच दिवस माझ्या खोलीत आल्या नाहीत.

अकराव्या दिवशी रात्री ताई अर्धवटच जेवली. ताट सरकवत म्हणाली, "इमारतीला नोटिसा लागल्यात म्हणे. घड्याळवाले काका सामान बांधतायत. चावीवाल्याने तर फळ्या काढल्या. मलाच कोणी काही दिलं नाही. तू आत आहेस ना ऑफिसात, विचारून बघ की."

घड्याळवाले काका गेल्या वर्षी वारले होते. ताईच गेली होती त्यांच्या घरी भेटायला.

"कधीची नोटीस?" मी विचारलं.

"चौदा तारीख. सकाळी अकरा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन नकाशा उलटा केला. मागे शिक्का होता: पाडकाम, चौदा तारीख, सकाळी अकरा. महिना हाच. शिक्क्यात वर्ष घालायची आमच्याकडे पद्धत नाही, ते फाइलवर असतं.

त्या दिवशी तेरा तारीख होती.

रात्रीच्या जेवणाला मी म्हणालो, "ताई, उद्या जाऊ नकोस."

"का?"

"उगाच."

"उगाच काय? एक कोट द्यायचाय. बाह्या काढून ठेवल्यात, माणूस काय नुसतं जाकीट घालून भाषण करेल?"

"पण ती नोटीस..."

"मला कुठे नोटीस आलीय?" ती म्हणाली. "आणि तू आहेस की. माझी खोली तू पाडू देशील होय?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. चारच शब्दांचं होतं. मी पाणी प्यायलो, त्याबरोबर तेही गेलं.

चौदा तारखेला मी तिच्या आधी चौकात होतो, म्हणजे हात धरून थांबवू, असा बेत. तेवढ्यात मॅडमचा फोन आला, "वर ये, पाहुणे आलेत." अर्ध्या तासाने सुटलो. खिडकीशी आलो तेव्हा बाक रिकामा होता आणि मशीनचा आवाज सुरू झाला होता.

दहा पन्नास. मी नकाशा पुढे ओढला. 'चालू' खोडून पुन्हा 'रिकामी' करावं. रबर टेकवलं, दोनदा घासलं. खालचा आवाज अडखळला. माझा हात थांबला. रिकामी झालेल्या खोलीतल्या माणसाचं काय होतं, हे कोणत्या नियमात लिहिलेलं नव्हतं.

मी जिन्याने पळत खाली गेलो.

सरळ त्या कोपऱ्याकडे निघालो. दहा पावलांवर होता. आठव्या पावलाला माझे पाय डावीकडे वळले. मी परत फिरलो, पुन्हा निघालो. पुन्हा डावीकडे. मी ठरवून, दात खाऊन उजवा पाय पुढे टाकला आणि तो बाजूला पडला. मावशी मशीन थांबवून बघत होत्या.

दहा अठ्ठावन्न.

"ताई!" मी ओरडलो. "बाहेर ये!"

आतली शिलाई मशीन चालूच होती.

"ताई, मी लिहिलं होतं रिकामी!"

बिल्लेवाले पाहुणे थबकले.

मशीन थांबली.

मी वाट बघितली. आत कोणीतरी खुर्ची मागे सारली. एक पाऊल वाजलं. मग काहीच नाही. दाराशी येऊन माणूस उभा राहावा, आणि बाहेर कोण आहे ते बघून तिथेच थांबावा, तसं.

"ताई."

अकरा वाजले.

आवाज झाला नाही. चौकातल्या प्रत्येकाने एकाच क्षणी नाकावर हात धरला आणि डोळे मिटले. कबुतरं उडाली. कोणीतरी खोकलं.

मग सगळे चालू लागले. मावशींनी मशीन ढकलली आणि ती सरळ आत गेली.

ताई घरी आली नाही. सहाला नाही, सातला नाही. हॉलमधल्या चादरीखाली मशीन नव्हती, चादरच तिच्या आकारात उभी होती. हात लावल्यावर खाली बसली.

मी पोलिसांत तक्रार नोंदवली. कुठे शेवटचं पाहिलं, विचारलं. मी चौक सांगितला. किती वाजता, तेही सांगितलं. बाकी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पंधरा तारखेला मी दहा ते बारा कागद काढला. काम सोडून दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मॅडम बऱ्याच दिवसांनी आत आल्या. खुशीत होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "पट्टा गेला. लोकांना सवय लागली. आता कसे नाकासमोर चालतायत."

खरं होतं. तीनशे बारा रेघा, सगळ्या सरळ, मधोमध.

"फक्त हे काय?" त्यांनी बोट ठेवलं. "इथे पेन्सिल उठली का तुझी?"

सात नंबरच्या दाराशी रेघांत खंड होते. एका रेघेत नाही, तिथून गेलेल्या प्रत्येक रेघेत. ती सगळी माणसं बोलता बोलता तिथे पाय जरा उंच उचलून पुढे टाकत होती. मीच ते काढलं होतं.

मॅडम गेल्यावर मी पट्टी घेतली आणि पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत मोजलं. साडेपंधरा मिलिमीटर. टेप ढिली पडली असेल म्हणून पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. एकास शंभर. म्हणजे पाच फूट एक इंच.